आकर्षण क्रमांक नऊमधील आजी

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
नियोजित 'मौजनगरी' थीम पार्क कक्ष,
दुसरा मजला (लिफ्ट बंद), नाशिक.

अर्जदार : निवृत्ती पुंजा जेजुरकर, वय ५२, धंदा शेती (शेवंती, झेंडू व पालेभाज्या), मु. टेंभुर्णे खुर्द, ता. जि. नाशिक.

विषय : आकर्षण क्र. ९ करिता खरे घर पाडून त्याच जागी तसलेच खोटे घर न बांधणेबाबत, तसेच आजीबाबत.

संदर्भ : १) हरकती व सूचना मागविणारी आपली जाहीर सूचना, दि. ३ सप्टेंबर २०२५.
२) आपल्या पाहणी पथकाचे दोन शेरे (एकमेकांशी न जुळणारे).
३) माझे यापूर्वीचे चार अर्ज. उत्तर न आल्याने त्यांचे जावक क्रमांक देता येत नाहीत.

महोदय (बदली झाली असल्यास नवीन महोदय),

१. टेंभुर्णे खुर्द गावातील निम्म्या लोकांचे अर्ज मीच लिहून देतो, त्यामुळे माझे हस्ताक्षर आपल्या कपाटांना परिचित असावे. स्वतःच्या घरासाठी लिहिण्याची वेळ मात्र याच प्रकरणात प्रथम आली. भाषा कोठे घसरल्यास ती अर्जदाराची समजावी, गावाची समजू नये.

२. आपण मौजनगरीचा आराखडा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावला, त्याच दिवशी आमच्या शिपायाने त्याच्या खालच्या पट्टीवर पाणीपट्टीची नोटीस डकवली. खळ सढळ हाताने लावण्याबद्दल तो प्रसिद्ध आहे. कोणता आकडा म्हणजे काय, हे नेमके त्या पट्टीवर लिहिले होते. परिणामी अकरा दिवस गावासमोर फक्त आकडे, गोल आणि वेड्यावाकड्या रेषा होत्या. रोज संध्याकाळी डेअरीत दूध घालून झाले की ओट्यावर बसून गाव त्यांचा अर्थ लावत असे. क्र. ३ चा मोठा गोल म्हणजे आकाशपाळणा, असे बहुमत होते. माझा शेजारी समाधान याने मात्र तो नाशिकचा द्वारका चौक असल्याचे छातीठोकपणे सांगितले : "रिक्षात बसवणार, पाऊण तास जागच्या जागी ठेवणार, अन् मागून हॉर्न वाजवणार. लय पब्लिक येईल, कारण इथं शेवटाला उतरू तरी देतील." क्र. ५ चे निळे ठिपके पाहून ती इगतपुरीच्या पावसाची राइड ठरली, छत्री उलटी होण्याच्या हमीसह. क्र. ७ ची रेषा एकदम वर जाऊन एकदम खाली येत होती. लासलगावला कांदा नेणाऱ्या प्रत्येकाने ती भावाची म्हणून लांबूनच ओळखली. वर जाताना डब्यांत कोणी नसावे आणि खाली येताना सगळे गाव बसलेले असावे, अशी रचना एकमताने सुचविण्यात आली. हे तिन्ही खेळ सूचनांच्या रकान्यात विनामूल्य सादर आहेत. आपल्या यादीत त्यांची नावे 'चक्रानंद', 'जलानंद' व 'थरारानंद' असल्याचे नंतर कळले. गावाची नावे बरी होती.

३. बाराव्या दिवशी नोटीस सुटून पडली आणि पट्टी उघडी झाली. क्र. ९ माझ्या घरावर होता. पुढे लिहिले होते : 'ग्रामजीवन दर्शन : पारंपरिक घर, विहीर, गोठा, तुळस व आजी.' सदर जागेवर घर, विहीर, गोठा, तुळस व आजी (माझी आई, श्रीमती कुसाबाई पुंजा जेजुरकर, वय ७४, माझ्या दोन्ही मुलांची आजी) हे सर्व आधीपासूनच उपलब्ध आहे. तरीही आराखड्यानुसार घर पाडायचे, विहीर बुजवायची आणि तिच्यावर चार फूट खोलीची फायबरची विहीर ठेवायची आहे. गोठ्यात बटण दाबल्यावर हंबरणारी गाय येणार आहे. आजी हयात असल्यास काय करावे, याबाबत मात्र आराखड्यात तरतूद आढळली नाही.

४. माझी आई खेळांच्या विरोधात नाही, हे स्पष्ट करणे आवश्यक आहे. आकाशपाळण्यात एकदा बसून वरून आपले शेत बघायची तिची इच्छा आहे. तिचे म्हणणे एवढेच : "घर हाय, हीर हाय, मीबी जित्ती हाय. मंग पाडून पुन्हा तेच करायचं, ह्याला काय म्हणायचं?" ह्याला काय म्हणायचे ते कृपया आपण कळवावे.

५. माझ्या पहिल्या अर्जानंतर आपले पथक आले. घराला स्लॅब आहे, आत फरशी आहे, वर डिश आहे आणि आजी गाऊनमध्ये आहे, सबब 'हे घर पारंपरिक वाटत नाही', असा शेरा त्यांनी मारला. शेरा शिरसावंद्य मानून आम्ही तीन आठवडे खपलो. डिश उतरवली. चांगल्या फरशीवर शेण सारवले. स्लॅबवर पाचट अंथरले. न्हाणीत पाय घासायला बसवलेले जाते उकरून ओसरीवर मांडले. आईला नऊवारी माझी पत्नी रूपाली नेसवू लागली, कारण आईचा उजवा हात छातीच्या वर जात नाही. गाऊन ती हौसेने घालत नव्हती, हे पथकाने विचारले असते तर सांगितले असते. नंतर दुसरे पथक आले. त्याचा शेरा : 'कच्चे व धोकादायक बांधकाम. तातडीने पाडण्यास योग्य.' महोदय, एकच घर पक्के म्हणून आणि कच्चे म्हणून दोनदा पाडता येत नाही. त्यापैकी कोणत्या कारणाने पाडणार, ते एकदा ठरवावे, म्हणजे शेण ठेवायचे की काढायचे हे आम्हाला ठरवता येईल.

६. दरम्यान 'आजी (कंत्राटी), एक पद' अशी आपली जाहिरात आली. वयोमर्यादा २१ ते ३०. तरीही मुलाखतीस सर्वांना मुभा असल्याने आईला नेले. दोन मजले ती चढली. तिला तीन मिनिटांत गोष्ट सांगण्यास सांगितले गेले. समितीतील एका मॅडमसोबत त्यांचा लहान मुलगा होता. आईने त्याला आधी विचारले, "जेवला का रं?" तो नाही म्हणाला. त्यावर आईने पिशवीतली भाकरी काढली, त्याला हात धुवायला पाठवले आणि तो खाईपर्यंत गोष्ट सुरू केली नाही. तीन मिनिटे संपली. गुणपत्रकात 'सादरीकरण : शून्य' असे आहे. मला याचा राग आला, तो अजून गेलेला नाही.

७. निवड झाली ती कु. सायली हिची, वय २४. हिच्यावर माझी हरकत नाही. मुलगी गुणाची आहे. पांढऱ्या केसांचा टोप घेऊन ती एका गुरुवारी आमच्याकडे आली आणि म्हणाली, "काकू, मला आजी व्हायला शिकवाल का? मला माझी आजी आठवतच नाही." आईने तिला शिकवले. कण्हत उठणे, पदराने चष्मा पुसणे, एकच गोष्ट दोनदा सांगणे, हे तिला आता जमते. आता ती सुट्टीच्या दिवशीही येते आणि टोप न घालता जेवून जाते.

८. या सायलीनेच एक बाब निदर्शनास आणली, आणि खरे पाहता हा अर्ज त्यासाठीच आहे. दार उघडताना तिचा हात दरवेळी वर जाई आणि कडी सापडत नसे. आमच्या दाराची कडी जमिनीपासून तीन फुटांवर आहे. २०११ साली विहिरीच्या पायरीवरून पडून आईचा खांदा गेला. दवाखान्यातून आल्यावर तिला दार उघडता येईना. ती दारापाशी उभी राहून कोणी येण्याची वाट पाही. माझे वडील कै. पुंजा फार बोलणारे नव्हते. एके सकाळी त्यांनी वरची कडी काढली, खाली बसवली, जुनी भोके लांबी (लाकडाची पुट्टी) भरून बुजवली आणि पाणी भरायला शेतात गेले. त्याबद्दल घरात चर्चा झाल्याचे मला आठवत नाही. पुढच्या वर्षी ते वारले. ती बुजवलेली भोके अजून दिसतात.

९. सायलीने आपल्या कार्यालयातून नव्या घराचा नकाशा आणून दाखवला. त्यात पाचट आहे, जाते आहे, तुळस आहे. कडी पाच फुटांवर आहे, 'पारंपरिक पद्धतीनुसार'. आईने नकाशा बराच वेळ पाहिला. नकाशातले हे घर आपले नाही, हे तिला तेव्हा पहिल्यांदा पटले असावे. त्या दिवशी ती जेवली नाही.

१०. सबब विनंती की,
(अ) घर पाडू नये. जसे आहे तसे, शेणासकट किंवा शेणाविना, आकर्षण क्र. ९ म्हणून घोषित करावे.
(ब) ते शक्य नसल्यास, हे घर राहू देऊन खोटे घर शेजारी शेवंतीच्या वाफ्यात बांधावे. शेवंती मी काढून घेईन.
(क) तेही शक्य नसल्यास, श्रीमती कुसाबाई यांस पार्क बंद झाल्यानंतर रोज अर्धा तास आकर्षण क्र. ९ मध्ये विनातिकीट प्रवेश द्यावा. तुळशीपुढे दिवा लावून ती परत येईल. तुळस फायबरची असली तरी तिची तक्रार नाही.
आणि (क) मंजूर झाल्यास नव्या दाराची कडी तीन फुटांवर बसवावी. हे कलम आईने स्वतः लिहावयास लावले. तिचे शब्द : "खोटं का असंना, दार मला उघडता आलं पायजे."

कळावे. नम्र राहण्याचा शेवटपर्यंत प्रयत्न केलेला,

(सही) निवृत्ती पुंजा जेजुरकर
टेंभुर्णे खुर्द, दि. २७ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) दोन्ही पथकांच्या शेऱ्यांच्या प्रती.
२) आईच्या गुणपत्रकाची प्रत.
३) कु. सायली हिचे पत्र. (निवड झालेली आजी, खऱ्या आजीची शिफारस करीत आहे.)
४) सुतळी, एक नग. दोन गाठी मारलेली. खालची गाठ जमिनीला टेकवावी, वरची जिथे येईल तिथे कडी बसवावी. माप आईने उभी राहून स्वतःच्या हाताने घेतले आहे. सुतळी फाईलला बांधण्यासाठी वापरू नये.