समोरच्या दवाखान्याचा बंदोबस्त

३ फेब्रुवारी, सोमवार. दुपार.
आजपासून रोजनिशी. ही कुणी वाचायची नाही. फक्त अन्यायाच्या तारखा चुकायला नकोत म्हणून लिहितोय.
मी डेंटिस्ट. बावीस वर्षं. आजवर एकाही पेशंटने दुसऱ्यांदा तक्रार केलेली नाही. बरेचसे दुसऱ्यांदा येतही नाहीत, म्हणजे एका भेटीत बरे होतात.
आज डेंटल कौन्सिलची नोटीस आली. आठ पानी. पहिलं पान वाचलं, पुढचं वाचायची गरज वाटली नाही. प्रकरण मला पाठ आहे.
गेल्या महिन्यात एक बस ड्रायव्हर आला होता. खालची दाढ. दोन्ही बाजूंच्या दाढांना कॅप, वरून दोन्ही सारख्याच, आतून कुठली सडलीय ते एक्स-रेवरच कळणार. फिल्मच्या कोपऱ्यात एक बारीक फुगीर टिपका असतो. तो आपल्याकडे आला की डावं ते डावं. बघायच्या दिव्यावर फिल्म उलटी लागली की डावं ते उजवं. हे पहिल्या वर्षाच्या पोरांना बघावं लागतं. मी बघत नाही.
माझी असिस्टंट म्हणाली, डॉक्टर, फिल्म उलटी लागलीय. मी विचारलं, इथे डॉक्टर कोण आहे? ड्रायव्हर म्हणाला, अहो पण दुखतंय डावीकडे. त्याला शांतपणे समजावलं की वेदना फसवी असते, एक्स-रे फसवत नाही. मग उजवीकडची काढली. दाढ चांगली निघाली. फारच चांगली निघाली. कीड नावाला नाही.
असिस्टंटला त्याच संध्याकाळी काढून टाकलं. चौदा वर्षं होती. तिला सगळे बाई म्हणतात, मीसुद्धा. तर बाई पेशंटदेखत 'अगं आई गं' म्हणाल्या. हे प्रोफेशनल नाही. (रागातसुद्धा माझं अहो-जाहो सुटत नाही. घरचे संस्कार.)
बाई आता रस्त्यापलीकडच्या दवाखान्यात कामाला आहेत. तो दवाखाना माझ्या हाताखाली शिकलेल्या एका गृहस्थाचा. त्याचं नाव मी उच्चारत नाही. समोरचा म्हणतो. तक्रार कुणी केली हे सांगायला ज्योतिषी नको. बाईंनीच.
सुनावणी १२ मार्चला. लायसन्सचा प्रश्न आहे. दोन ठराव:
एक, समोरचा दवाखाना बंद पाडणे.
दोन, फिल्म बाईंनी लावली असं लेखी देणे. मग माझं लायसन्स शाबूत आणि बाईंना कुठलाही डेंटिस्ट दारात उभं करणार नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार.
निवेदन लिहून काढलं. चार पानं. भाषा जबरदस्त. बायकोला वाचायला दिलं. तिने विचारलं, फिल्म नक्की कुणी लावली होती? मी म्हणालो, प्रश्न तो नाहीच आहे. ती म्हणाली, मग कुठला आहे? कायद्यातलं तिला कळत नाही.
खालच्या डाव्या दाढेत किंचित ठणका. टेन्शन.

१० फेब्रुवारी, सोमवार.
सकाळी दहा ते अकरा पडद्याआडून टेहळणी. समोर अकरा पेशंट गेले. माझ्याकडे दोन आले. त्यातला एक समोरच्याचा पत्ता विचारायला आला होता. त्याला उलट्या दिशेने पाठवला. बारा मिनिटांनी तो समोर पोचलेला दिसला. लोक चिकाटीने चुकतात.
बाई खिडकीत उभ्या होत्या, हसत होत्या. कशावर, ते कळलं नाही. माझ्याकडे कधी हसल्याचं आठवत नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळ.
ऑपरेशन मेहुणा.
बायकोच्या भावाला पेशंट म्हणून समोर पाठवला. सूचना: अवजारं अस्वच्छ आहेत का बघ, उर्मट बोलतात का बघ, गुपचूप फोटो काढ. मोहिमेत माणूस विश्वासातला लागतो आणि रिकामा लागतो. मेहुणा दोन्ही.
दोन तासांनी आला. दात चकचकीत. म्हणाला, दाजी, काय माणूस आहे हो! आधीच सांगतो की दुखलं तर हात वर करा. मी गंमत म्हणून केला, तर खरंच थांबला! मी म्हणालो, त्यात काय एवढं? तर म्हणतो, तुमच्याकडे मी दोन्ही हात वर केले होते दाजी, तुम्ही बाईंना ते धरून ठेवायला सांगितलंत.
फोटो एकच काढलाय. स्वतःच्या हसऱ्या तोंडाचा. पुढची अपॉइंटमेंटही घेऊन आलाय. घरात साप पाळला मी.

१५ फेब्रुवारी, शनिवार.
आता गुप्त मार्ग. आरोग्य खात्याला निनावी पत्र: समोरच्या दवाखान्यात अवजारं न उकळता वापरतात, तरी ताबडतोब तपासणी व्हावी. खाली 'एक जागरूक नागरिक'. लेटरहेड नाही, शिक्का नाही. हातात ग्लोव्हज घालून लिहिलं. पत्र पलीकडच्या वस्तीत जाऊन पेटीत टाकलं. माझा मेंदू गुन्हेगारीकडे वळला नाही हे समाजाचं नशीब.
दाढ ठणकतेय. गार पाणी चालत नाही. गरमही चालत नाही. हवामानाचा परिणाम असावा.

२४ फेब्रुवारी, सोमवार.
लिहवत नाही. तरी लिहितो.
ते पत्र आरोग्य खात्यात कुणालाही वाचता आलं नाही. आठवडाभर या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं. शेवटी कुणा दीडशहाण्याने सांगितलं की हे अक्षर डॉक्टरचं दिसतंय, एखाद्या केमिस्टला दाखवा. पाकिटावरच्या शिक्क्यावरून भाग कळला आणि मजकुरातला 'दवाखाना' एवढा एकच शब्द लागला, म्हणून इन्स्पेक्टर दवाखाने असलेल्या आमच्याच रस्त्यावर आला. रस्त्यावर केमिस्ट एकच. माझ्या दवाखान्याच्या खालचा. बावीस वर्षं माझ्या चिठ्ठ्या वाचणारा.
त्याने चष्मा लावून ते पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत, स्वल्पविरामासकट, काउंटरवर मोठ्याने वाचून दाखवलं. पाच गिऱ्हाईकं होती. 'तपासणी व्हावी' याच्यापुढे मी सवयीने 'दिवसातून दोनदा, जेवणानंतर' असं लिहिलं होतं, तेही वाचलं. मग म्हणाला म्हणे, सही नाहीये साहेब, पण सहीची गरज काय, हे आमच्या वरच्या डॉक्टरांचं.
इन्स्पेक्टर आधी समोर गेला. अर्ध्या तासात बाहेर आला, चेहरा समाधानी. मग माझा जिना चढला. अवजारं निर्जंतुक केल्याची नोंदवही मागितली. मला अशी काही वही असते हेच माहीत नव्हतं. सापडली. रोजच्या रोज नोंद, सुवाच्य अक्षर. शेवटची नोंद बाई गेल्या त्या दिवसाची. त्यानंतर कोरी पानं.
दवाखाना पंधरा दिवस बंद ठेवण्याचा लेखी आदेश. म्हणजे पहिला ठराव तसा अमलात आला. फक्त दवाखाना बदलला.
याचाही हिशेब बाईंकडूनच चुकता करणार. वही लिहायची असते हे जाताना सांगायला काय झालं होतं?

१ मार्च, शनिवार.
दाढ. काल झोप नाही. वेदनाशामक गोळ्या आणायला तीन चौक पलीकडच्या केमिस्टकडे जावं लागतं. त्याला माझी चिठ्ठी वाचता येत नाही. त्याने काल खोकल्याचं औषध दिलं.
स्वतःची दाढ स्वतः तपासायचं ठरवलं. भिंतीचा आरसा समोर, छोटा आरसा तोंडात. डावीकडे नेला की उजवीकडे दिसतंय, उजवीकडे नेला की घसा दिसतोय. वीस मिनिटांनी चांगल्या दाढेवर टकटक करून 'हीच ती' असा निष्कर्ष काढला. ती मुळीच दुखली नाही. म्हणजे निदान अवघड आहे.
बायको म्हणाली, समोर जा, पाच मिनिटांचं काम आहे. मी म्हणालो, त्यापेक्षा मरेन. ती म्हणाली, मरा, पण जेवताना कण्हू नका.

८ मार्च, शनिवार.
निवेदनाची तालीम. आरशासमोर तीन वेळा. 'सदर असिस्टंटने निष्काळजीपणे फिल्म उलटी लावली' इथे मी थांबून कौन्सिलकडे दुःखाने बघणार. जमतंय.
बायकोने नोटिशीची आठही पानं वाचून काढली. मला म्हणाली, तुम्ही वाचलीत? मी म्हणालो, हो. ती म्हणाली, नक्की? मग पाचवं पान वर ठेवून गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवून गेली. मी त्यावर चहाचा कप ठेवला. संपूर्ण घर माझ्याविरुद्ध आहे.

१२ मार्च, बुधवार. सकाळी सात.
गाल सुजलाय. डावा. डोळ्यापर्यंत. एका दृष्टीने बरंच, सहन करणारा माणूस वाटतो. आज बाईंचा निकाल लागणार.

१२ मार्च, बुधवार. संध्याकाळी सहा.
सुनावणी झाली. जसं झालं तसं लिहितो.
लांब टेबल. पलीकडे तीन सदस्य. भिंतीलगत बाकावर ड्रायव्हर आणि बाई. अध्यक्ष म्हणाले, आधी सगळे कागद वाचले जातील. मी निवेदन हातात घेऊन तयार.
तक्रार ड्रायव्हरची होती. बाईंची नव्हतीच. साधी होती. त्याने लिहिलं होतं: मी सांगत होतो, पण ऐकलं नाही, एवढंच विचारायचंय की का नाही ऐकलं. बस्स.
मग पाचवं पान. बाईंचा जबाब, जानेवारीतला. त्यांना बोलावून घेतला होता. त्यात त्यांनी सांगितलं होतं की फिल्म डॉक्टरांनी लावली. ती उलटी आहे हे मला दिसलं, मी एकदा बोलले, दुसऱ्यांदा बोलले नाही. हात धरायला हवा होता. चौदा वर्षांत डॉक्टरांचा हात कधी चुकला नव्हता म्हणून मी गप्प बसले. जो काही दोष असेल त्यातला अर्धा माझा धरावा.
मी त्यांना कामावरून काढून टाकल्यावर पाच दिवसांनी दिलेला जबाब हा.
अध्यक्ष म्हणाले, डॉक्टर, तुमचं निवेदन. माझ्या हातात चार पानं. बाईंकडे बघितलं. वाटलं, आता राग दिसेल, मग मला वाचणं सोपं जाईल. बाई माझ्या गालाकडे बघत होत्या. पेशंटच्या गालाकडे बघतात तसं. कधीपासून सूज आहे, ताप आहे का, असं मनात मोजत.
मला लाज वाटली. आणखी काही लिहिण्यासारखं नाही, लाजच वाटली.
मी म्हणालो, फिल्म मी लावली. बाईंनी सांगितलं होतं. यांनीही सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.
तोंड सुजल्यामुळे कुणाला कळलं नाही. अध्यक्ष म्हणाले, पुन्हा सांगा. पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, जरा मोठ्याने. बावीस वर्षांत पहिल्यांदा चूक कबूल केली, तर ती तीन वेळा करावी लागली. तिसऱ्या वेळी जवळजवळ ओरडलो. बाहेरच्या शिपायाने दार उघडून आत बघितलं.
लायसन्स सहा महिने निलंबित. बाईंवर कसलाही ठपका नाही.

१३ मार्च, गुरुवार.
एक विलक्षण शांतता. अशी नैतिक उंची फार थोड्यांना गाठता येते. एवढा मोठा माणूस भर सभेत चूक कबूल करतो, ही बातमी पसरणारच. सकाळपासून फोनजवळ बसून आहे.
दुपारी एक फोन आला. मेहुणा. विचारत होता की समोरची अपॉइंटमेंट बदलून घ्यायचा नंबर आहे का.
ड्रायव्हरला पत्र पाठवलं. माफीचं. बायकोच्या अक्षरात.
उद्या समोर जाऊन बाईंची माफी मागणार. भाषण तयार, अकरा मुद्दे. सातव्या मुद्द्याला बाईंच्या डोळ्यांत पाणी येईल. मी म्हणेन, बाई, रडू नका. मग त्या परत येऊ का विचारतील. मी लगेच हो म्हणणार नाही. दोन मिनिटं घेईन.

१४ मार्च, शुक्रवार.
गेलो. टोकन नंबर नऊ. वेटिंग रूममध्ये माझे दोन जुने पेशंट. मला बघून दोघांनी आपापले गाल धरले.
बाई बाहेर आल्या. मी उठून मुद्दा एक सुरू करणार, तोवर त्या म्हणाल्या, आधी आत चला, ताप आहे तुम्हाला. खुर्चीत बसवलं. मी म्हणालो, बाई, मला असं सांगायचंय. त्या म्हणाल्या, तोंड उघडा.
तोंड उघडल्यावर भाषण होत नाही. हे बावीस वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं.
समोरचा आला. दुखलं तर हात वर करा म्हणाला. मी लगेच केला, बोलायचं होतं म्हणून. त्याला वाटलं दुखतंय. आणखी एक इंजेक्शन दिलं. अर्धी जीभ गेली. अकरापैकी दहा मुद्दे तिथेच गेले.
दाढ काढली. बाईंनी कापूस ठेवला, घट्ट चावून धरा म्हणाल्या. निघताना दारात त्या होत्या. कापूस तोंडात तसाच. मी म्हणालो, चुकलं माझं, बाई. शब्द काय उमटले असतील देव जाणे, पण त्यांना कळलं. माझं अक्षरही त्यांना कळायचं.
मी वाट बघत उभा राहिलो.
बाई म्हणाल्या, हो, चुकलंच. दोन तास काही खाऊ नका. आणि दहा नंबरला हाक मारली.
घरी आलो. पान वाढलेलं होतं. बायको म्हणाली, मऊ भात आहे, तेवढं खाऊन घ्या. मी घड्याळ दाखवलं. सव्वा बारा झाले होते. सव्वा दोनपर्यंत काही खाल्लं नाही.