भिंतीपलीकडची ओळ

व्हेरुलम, नाताळ प्रांत, दक्षिण आफ्रिका
१३ ऑक्टोबर २०२४

चि. कोगिलम हिला अण्णाचे आशीर्वाद.

हे पत्र आपल्या आजीच्या दोन नातवंडांचं आहे, कोगी. एक मी, एक तू. आणि आपल्या दोघांचं गाऱ्हाणं एकच: ज्या मातीसाठी आपली माणसं तुरुंगात गेली, त्या मातीने आपल्या घराची राखण केली नाही. जन्मभर व्यासपीठं गाजवली, पण हे वाक्य मी कुठल्याच व्यासपीठावरून बोललो नाही. पहिलं तुलाच लिहितो आहे.

इकडे सगळं ठीक. अंबिगाचे गुडघे दुखतात, पण तोंड शाबूत आहे. गेल्या उन्हाळ्यातलं लोणचं छान मुरलंय. तुझ्या नावाची बरणी ती अजून वेगळी काढते. "पर्थहून कोण येणार आहे न्यायला?" म्हटलं की खेकसते, "तुम्हाला काय करायचंय? ती माझी नणंद आहे." वर्ष सरलं की ती बरणी आम्हीच संपवतो. दारातला कढीपत्ता छपराच्या वर गेलाय. माझा आवाज जरा बसलाय, म्हणून हॉलमध्ये यंदा शपथेला माईक लावणार आहेत. मला आणि माईक!

हॉलची समिती आता देवनच्या हातात आहे. शिवनचा मुलगा, वकील झालाय. मागच्या रविवारी आला आणि बसायच्या आतच म्हणाला, "अंकल, गांधीभाईंचा पुतळा बसवू. पितळेचा. देणगीदार तयार आहे."

"पुतळा उत्तर देतो का रे?"

"उत्तर तुमच्या शपथेला तरी कुठे मिळतं? पंचवीस वर्षं अर्धीच चाललीय."

पोराने वर्मावर बोट ठेवलं. रागाने मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. अंबिगाने विचारला.

तो म्हणाला ते खरं आहे. दर सहा नोव्हेंबरला, मोर्च्याच्या दिवशी, मी उभा राहतो, पुरुषांची ओळ म्हणतो, आणि बायकांच्या ओळीच्या जागी सगळा हॉल गप्प उभा राहतो. मग माझी पुढची ओळ. गेल्या वर्षी सरकारचा कोणी पाहुणा आला होता. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाला, तुमच्या कार्यक्रमातली ती शांतता फार हृद्य आहे. मी नुसती मान हलवली. माझी नात युरेश्नी आता एकोणीस वर्षांची आहे. तिने घरी येऊन विचारलं, "आजोबा, मधे गप्प राहायचं तेव्हा मनात काय म्हणायचं असतं?"

कोगी, त्या पोरीला ती शांतता हीच शपथ वाटते. तिथे आजीची ओळ होती, हे तिला ठाऊकच नाही.

तुला वाटेल, अण्णाला सगळ्या ओळी पाठ आहेत, शिकवत का नाही? कारण तुला माहीत आहे. उसाचं शेत टाकून आजी गांधीभाईंच्या मोर्च्यात निघाली आणि तुरुंगात गेली. भिंतीच्या एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. इकडून शपथेची ओळ गेली आणि तिकडून उत्तर आलं, की कळायचं, पलीकडे आपली माणसं जिवंत आहेत. म्हणून बाईची ओळ बाईनेच बाईला द्यायची. लिहायची तर नाहीच. आजी म्हणायची, "कागदावर गेलं की सरकारचं, तोंडात राहिलं की आपलं." विद्यापीठवाले आवाज टिपायचं यंत्र घेऊन आले होते, त्यांना मी हेच ऐकवलं. लोक मला हेकट म्हणतात. म्हणोत. स्वतःच हाक मारून स्वतःच ओ द्यायची असेल, तर शपथ कशाला, माझं भाषण काय वाईट होतं?

पुरुषांच्या ओळी मी देवनला दिल्या आहेत. हो, त्याच दिवशी, चहा झाल्यावर. इतकी घाई का, म्हणून तो हसला. मी सांगितलं नाही.

तुला सांगतो. घशात गाठ आहे. सात नोव्हेंबरला ऑपरेशन. डॉक्टरीण आपल्याच गावची, नायडूंची मुलगी. तिला विचारलं, "नंतर बोलता येईल ना?" ती म्हणाली, "अंकल, जगता येईल." भाषणबाज माणसाला एवढं उत्तर पुरतं. अंबिगाला अजून सांगायचं आहे. ती रोज गरम पाण्यात हळद घालून देते, मी पितो.

आता जे मी इतकी पानं टाळतो आहे, ते. तुझ्या सागरनला दुकानाच्या दारात गोळी लागली, त्यानंतरच्या नोव्हेंबरात तू उभी राहिलीस. पांढऱ्या साडीत, कुंकवाविना. शेवटच्या ओळीपर्यंत आलीस. "मारणाऱ्यावर आम्ही हात उचलणार नाही." तू "मारणाऱ्यावर" एवढंच म्हणालीस आणि हॉलबाहेर गेलीस. विमानतळावर मला म्हणालीस, "अण्णा, तुमच्या गांधीभाईंना सांगा, माझ्या वाटणीची क्षमा संपली."

अहिंसेवर मी शेकडो भाषणं दिली असतील. त्या वाक्याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आजही नाही. सागरन माझ्या मांडीवर गेला, कोगी. त्याच्या रक्ताने माखलेला सदरा मी अजून टाकलेला नाही आणि पुढची सगळी वर्षं ती ओळ ऐकायला उभा राहिलो आहे. या दोन्ही गोष्टी एका माणसात कशा मावतात, ते मला पुस्तकांनी शिकवलं नाही.

म्हणून क्षमा कर असं मी म्हणणार नाही. विश्वास ठेव असंही नाही. शेवटची ओळ घशात अडकली तर अडकू दे. तिथे थांब. हॉल उभाच असेल. युरेश्नीला मी सांगून ठेवीन की ही शांतता शपथेतली नाही, ही तुझ्या सागरन आजोबांची आहे. पुढेही तेवढी जागा ती मोकळी ठेवील. पण बाकीच्या ओळी त्या पोरीला दे. त्या तुझ्याबरोबर परक्या मातीत जायला नकोत.

आणि मला एकदा उत्तर ऐकायचं आहे. मी हाक मारू शकतो तोवर.

सहा नोव्हेंबरला, आमच्या सकाळच्या नवाला, तुमच्या दुपारच्या तीनला, हॉलमध्ये फोन कर. नंबर जुनाच आहे. युरेश्नी उचलेल. "हॅलो" म्हणू नकोस. मी पहिली ओळ म्हणेन, तू दुसरी म्हण.

भिंतीच्या अलीकडून,
तुझा अण्णा