सरदाराच्या चिलखतातला नोकर

आचिरेआले, ९ मार्च १९०८

नुन्सियोदादा,

तुझं पत्र पोचलं. मी बरा आहे, खोकला कमी आहे, लिंबांच्या वखारीतलं काम चालू आहे. सांतावहिनीला नमस्कार, पोरीला आशीर्वाद.

तू लिहितोस, 'अल्फियो, परत ये. खेळातल्या त्या भित्र्या नोकराचा आवाज तुझ्यासारखा कुणालाच काढता येत नाही.' कसा येईल? गेल्या रविवारी मी कातानियाला आलो होतो. तुला न कळवता तुझ्या बाहुल्यांच्या खेळाला शेवटच्या बाकावर बसलो होतो.

सरदार पळून जातो आणि नोकर त्याचं चिलखत चढवून शिपायांच्या हाती लागतो. हाताला दोर पडल्यावर म्हणतो, "साहेब, दोन मिनिटं थांबा, चुलीवर मसूर आहेत, करपतील." लोक पोट धरून हसले. शेजारच्या कोळ्याने मला कोपर मारलं, "काय बावळट आहे बघा." एरवी हीच माणसं सरदार कैदेत पडला की तो सुटेपर्यंत नीट जेवत नाहीत. नोकराला नेलं तेव्हा ती भोपळ्याच्या बिया सोलत होती.

दादा, ते वाक्य कुठून आणलंस? त्या दिवशी खोलीत मी होतो, दोन शिपाई होते, आणि टांगलेल्या बाहुल्यांमागे दडलेला तू.

मुकादमाचं डोकं तू फोडलंस. शिपायांनी विचारलं, "नुन्सियो कोण?" मी म्हणालो, "मी." तू आधी केलेल्या विनवण्यांमुळे नाही, वहिनीचे दिवस भरत आले होते म्हणून. तीन वर्षं तुझ्या नावाने तुरुंगात काढली. तू मेस्सिनाला मामाकडे लपलास आणि गावात उठवलंस की अल्फियो तिकडे कामाला गेलाय. मी सुटलो त्या आठवड्यात तू दाढी वाढवून परतलास, जणू तूच भोगून आलास. मुकादमाला नडून तुरुंग भोगलेला म्हणून अजून लोक तुला उठून खुर्ची देतात. मला विचारतात, "काय रे, मामाकडे मजा केलीस ना?" मी हो म्हणतो.

तेवढं मी गिळलं. त्याचा हशा करून विकलास, ते गिळवत नाही. राग इतका आलाय की अक्षर वेडंवाकडं होतंय, वाचून घे.

येतो मी. रविवारी ती बाहुली मीच धरीन. मसुराचं वाक्यही म्हणेन, हसू देत. मग शिपाई नाव विचारतो, तिथे तुझा नोकर सरदाराचं नाव सांगतो. मी माझं सांगणार आहे, आणि ती तीन वर्षं कुणाची होती तेही. वहिनीला आधी तूच सांग. तिला बाकावर बसून कळायला नको.

तुझं नाव तुला परत करणारा,
अल्फियो