तुझ्या लेक्चरमधलं माकड

आई, काल मी तुझ्या कॉलेजात गेलो होतो. घाबरू नको, ॲडमिशन नाही घेतली. प्रोजेक्टर दुरुस्त करायला गेलो होतो. हजरतगंजातल्या एका दुकानात आहे मी आता. प्रोजेक्टर, कॅमेरे, स्पीकर बसवायचे आणि बिघडले की परत जाऊन आपणच शिव्या खायच्या. पॉलिटेक्निक मधेच सोडलं, ते बाबांनी तुझ्या फोटोसमोर उभं राहून तुला सांगितलंय. मी दाराआडून ऐकलं होतं, म्हणून ते परत सांगत नाही. दिवसभर हिंदीच बोलतो यार, मराठी फक्त बाबांशी, तीही जेवताना. त्यामुळे इथे गडबड दिसली तर सोडून दे. काल जे झालं ते हिंदीत कुणाला सांगताच येईना.

तुझी लॅब आता वरच्या मजल्यावर गेलीय. लेक्चर चालूच होतं. सर म्हणाले, "भैया, आप ऊपर अपना काम करते रहिए, हम अपना करते हैं।" मी शिडीवर चढलो. पडद्यावर चित्र येत होतं, जात होतं. केबल ढिली होती, बास, दुसरं काही नाही. पण लगेच 'झालं' म्हटलं तर यांना वाटतं, एवढ्याशासाठी बोलावलं होय, म्हणून मी स्क्रू तोंडात धरून गंभीर चेहरा करून बसलो होतो. खाली पोरं पेंगत होती. लिनिअर अल्जेब्रा. हे दोन शब्द ऐकले आणि मला कुकरचा वास आला, खरं सांगतो.

कारण तू विकास नगरच्या आपल्या स्वयंपाकघरात लॅपटॉप ओट्यावर ठेवायचीस, कुकरच्या बाजूला, आणि वाफ लागू नये म्हणून त्यावर पोळ्यांचं फडकं टाकायचीस. दुसऱ्या दिवशीचं लेक्चर आधी माझ्यावर करून बघायचीस. माझ्यावर! मला सातचा पाढा येत नव्हता. पडद्यावर एक चौकोन असायचा. तू चार आकडे टाकायचीस आणि चौकोन तिरका व्हायचा, लांबट व्हायचा, फिरायचा. "बघ, सगळं वळलं, पण हा एक बाण वळला नाही. नुसता लांब झाला. दिसतोय?" मला काही दिसायचं नाही, मी भेंडी पळवत असायचो. बाबा म्हणायचे, "अगं, त्याला काय कळतंय?" तू म्हणायचीस, "कळत नाही म्हणूनच त्याला दाखवते. याला दिसलं तर वर्गातल्या सगळ्यांना दिसेल." एकदा तू फोडणी देत होतीस तेव्हा मी चारही खान्यांत एकच आकडा दाबला, आणि अख्खा चौकोन चपटा होऊन एक रेघ झाली. मी म्हटलं, परत कर ना. तू म्हणालीस, "नाही होत. एकदा रेघ झाली की चौकोन कसा होता ते कुणालाच सांगता येत नाही. कॉम्प्युटरलापण नाही." मला वाटलं, मी तुझा लॅपटॉप मोडला. रात्री जेवलो नव्हतो, आठवतंय?

तर सर खाली सांगत होते, "तस्वीर क्या है? नंबरों की जाली। हर खाने में एक नंबर, कितना काला, कितना सफ़ेद। अब ये सॉफ्टवेयर इस जाली को परतों में तोड़ेगा। सबसे भारी परत सबसे पहले।" आणि बटण दाबलं. पडद्यावर नुसत्या पट्ट्या. आडव्या, उभ्या, राखाडी, लुंगीचं कापड असतं ना, तशा. "ये एक परत है। क्या दिख रहा है?" कुणी म्हणालं गमछा, कुणी म्हणालं खिडकी. सर हसून म्हणाले, "जिन मैडम से हमने पढ़ा, वो यहीं रुक जाती थीं। कहती थीं, तुम लोग पचास तक जाओ, मुझे तो यहीं दिख गया।" मी मॅडम शब्द ऐकला आणि सोडून दिला. कॉलेजात मॅडम काय कमी असतात?

पाच थर झाले. मधे काहीतरी गोल, दोन्ही बाजूंना काहीतरी बाहेर आलेलं. वर्ग गप्प. आता तू मला ओळखतेस. वर्ग गप्प आहे आणि मी शिडीवर आहे, मग मी काय करणार? तोंडातला स्क्रू काढला आणि वरून ओरडलो, "सर, बंदर है!"

वर्ग फुटला. मागच्या बाकांवरून शिट्ट्या. सर पण हसले, "भैया, आप तो पूरे इंजीनियर निकले।" मी वरून सलाम केला. सर म्हणाले, "चलो, बीस," आणि बटण दाबलं.

आई, तो मी होतो.

जीभ बाहेर, पुढचे दोन दात गायब, डोळे मिटलेले, कान हे एवढाले. अख्ख्या भिंतीएवढा मी. माझ्या हातातून स्क्रूड्रायव्हर पडला आणि तोंडातून "आई गं!" निघालं. सगळे वर बघायला लागले. सर म्हणाले, "क्या हुआ? करंट लगा?" मी म्हटलं, "हाँ सर। करंट।"

असला फोटो घरी कुठेच नाही. पण मागे लॅबचा फळा होता, आणि कॉलेजात मी त्या एकाच दिवशी आलो होतो. तो दिवस मला पाठ आहे. बाबांच्या बँकेच्या एका गिऱ्हाइकाची मलिहाबादला बाग होती, तिथून दसहरी आंब्यांची पेटी आली होती. तुला ती तुमच्या एचओडींना न्यायची होती, कारण लॅबसाठी हे सॉफ्टवेअर हवं होतं आणि ते म्हणत होते, पोरांना वहीत करू द्या, हमने भी कॉपी में किया है. मला शाळेला सुट्टी होती म्हणून मीपण आलो. आदल्या संध्याकाळी वरच्या थरातले आंबे मी देठाकडून चोखून रिकामे केले होते, सालीत फुंकर मारून परत फुगवले होते आणि देठ खाली करून छान मांडून ठेवले होते. तुला कळलं नाही, इतकं सफाईदार काम. एचओडींनी एक उचलला, "वाह, क्या दसहरी है," म्हणत दाबला, आणि तो फुस्स करून बसला. त्यांनी दुसरा उचलला. तोपण बसला. मी टेबलाखाली हसून लोळत होतो. तू मला कानाला धरून लॅबपर्यंत नेलंस आणि सगळ्या पोरांसमोर म्हणालीस, "परत तुला कॉलेजात आणणार नाही. कधीच नाही." सॉफ्टवेअर त्या वर्षी मिळालं नाही, पुढच्या वर्षी मिळालं. आणि तू खरंच मला परत नेलं नाहीस. तुमचं गॅदरिंग झालं, पिकनिक झाली, सगळ्यांची मुलं गेली, मी घरी. मी नववीत असताना तू तापाने गेलीस. तेव्हा कॉलेजातून किती लोक आले, आणि त्यांतल्या एकालाही मी ओळखत नव्हतो. मला तेव्हापासून पक्कं वाटत आलंय की तुला माझी लाज वाटायची. गणिताची मॅडम, आणि पोरगं हे असं. मी कधी कुणाला बोललो नाही, पण वाटायचं.

आणि इथे मी भिंतीवर. पोरं हसतायत, एक जण मोबाईल काढून म्हणतोय, "सर, इसका तो स्टिकर बनेगा।" खरं सांगू, आधी मला रागच आला. मला दारात उभं करायचं नाही आणि माझं थोबाड मात्र ताणायचं, तिरकं करायचं, दर वर्षी नवीन पोरांना हसायला द्यायचं? विचारायचं तरी! कानांबद्दल मी शाळेत कमी ऐकलंय का?

मग सरांनी पन्नास दाबलं. आधी माझ्या डाव्या कानाजवळ नुसता काळपट डाग होता. तो फाटला आणि त्याची बोटं झाली. बांगड्या झाल्या. घड्याळ झालं, तुझं, आतल्या बाजूला फिरवून घातलेलं. तू कान पिरगळतेयस. पण पिरगळणारा हात असा नसतो आई, मी खूप ठिकाणी कान पिरगळून घेतलाय, मला माहीत आहे. तू नुसता धरला होतास. अंगठा कानावर नव्हताच, तो माझ्या गालावर होता. घरच्या हारवाल्या फोटोत तुझा नुसता चेहरा आहे, तोपण ओळखपत्रावरचा. तुझा हात मी विसरून गेलो होतो. हात विसरतं का कुणी?

पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर, ये बच्चा है कौन?" सर म्हणाले, "मैडम का बेटा। फोटो मैंने ही खींची थी, पुरानी लैब में, तब हम पढ़ते थे। अगले ही हफ़्ते मैडम ने मुझसे माँग ली। फिर हर साल यही। हम कहते, मैडम, कोई ढंग की फोटो लगाइए, तो कहतीं, इससे ढंग की मेरे पास नहीं है।" मग म्हणाले, "ग़ज़ब का शैतान था। अब तो कहीं बड़ा इंजीनियर होगा।"

मी शिडीवर. खिशात टेस्टर, शर्टावर दुकानाचं नाव. खाली उतरायचं आणि म्हणायचं, सर, बेटा मैं हूँ, एवढंच तर होतं. नाही जमलं. त्यांनी मनात बनवलेला इंजिनिअर मोडायला हात उचलला नाही, आणि तू त्यांना जे सांगितलं असशील त्यापुढे ही शिडी मला फार बुटकी वाटली.

सर म्हणाले, "ठीक है, अब अगला टॉपिक।" आणि तू पडद्यावरून जाणार होतीस. माझ्या हातात रिमोट होता. प्रोजेक्टरला एक बटण असतं, फ्रीज. ते दाबलं की लॅपटॉपवर काहीही करा, पडदा आहे तिथेच थांबतो. मी दाबलं. सर खाली लॅपटॉपची बटणं दाबतायत, दाबतायत, पडद्यावर मी आणि तुझा हात. "अरे, ये हैंग हो गया क्या? भैया, देखिए तो!" मी म्हटलं, "देख रहा हूँ सर।" आणि बघत होतो मी, खोटं नव्हतं ते. सरांनी लॅपटॉप बंद करून परत चालू केला. पडद्यावर आपण दोघं. मागचा एक जण म्हणाला, "सर, बंदर उतर नहीं रहा।" वर्ग पुन्हा हसला. सर म्हणाले, "भैया, कितना टाइम?" मी म्हटलं, "बस सर, दो मिनट और।" ती दोन मिनिटं घंटा वाजेपर्यंत चालली. लेक्चर गेलं. तुझं लेक्चर असतं तर तू माझा कान खरंच पिरगळला असतास.

मी मोबाईलने फोटो काढला. आता माझी अक्कल बघ. रोज हेच काम करतो, आणि विसरलो की प्रोजेक्टरच्या पडद्याचा मोबाईलवर फोटो काढला की पट्ट्या येतात. घरी येऊन उघडला तर नुसत्या पट्ट्या, राखाडी, निळसर. ना मी, ना हात. बाबांनी चष्मा लावून बघितलं, मोबाईल आडवा केला, उभा केला. "हे काय आहे रे? बिघडलाय का तुझा कॅमेरा?"

मी म्हटलं, "नाही बाबा, नीट आलाय. मला दिसतंय."

त्यांनी मोबाईल परत दिला आणि वरण वाढलं. त्यांना सोमवारनंतर सांगेन. सरांना मी सांगून आलोय की आतला एक पार्ट गेलाय, मागवावा लागेल, सोमवारी येऊन बसवतो. तोवर पडद्यावर काही नीट दिसायचं नाही, आणि बसवला की तपासायला तीच तस्वीर पहिल्यापासून लावावी लागेल, पट्ट्यांपासून. आई, पार्टबिर्ट काही गेलेला नाही. केबल ढिली होती, ती मी पहिल्या पाच मिनिटांतच घट्ट केली होती, आणि निघताना परत ढिली करून आलो.