मेधाचा नकाशा

प्रिय मेधा,

तुला जाऊन नऊ महिने झाले आणि मी तुला आज पहिल्यांदा लिहितेय. कारण सांगते. काल संध्याकाळी संदीप आला होता. चहा झाला, आणि दारात बूट घालता घालता म्हणाला, "ख्रिसमसनंतर स्वराला नागपूरला ठेवतोय, मेधाच्या आईकडे. मला एकट्याला जमत नाहीये."

मी काही बोलायच्या आत पुढे म्हणाला, "माझीच चूक आहे गं. मी शाळेचा फॉर्म वेळेवर भरला असता तर ती आज तुझ्या जुईच्या वर्गात असती."

तुझी लेक बापाला सोडून सातासमुद्रापार जाणार, आणि बाप म्हणतोय चूक माझी! मी काय केलं असेल? त्याला डबा दिला. भेंडीची भाजी आणि चार पोळ्या. मूग गिळून डबा दिला.

चूक त्याची नाही, मेधा. ती माझी आहे. तू असतानाच तुला सांगायला हवी होती. आज शनिवार आहे, अकरा वाजता तो स्वराला खेळायला सोडायला येईल, तेव्हा त्याला सांगायचं ठरवलंय. पण पहिला हक्क तुझा, म्हणून सकाळपासून कागद घेऊन बसलेय.

तुला आठवतं, हा उद्योग तू कसा सुरू केलास? पोरी प्लेस्कूलला होत्या. आपल्या सिटीवेस्टमधली ही शाळा बघायला आपण दोघी गेलो, तर व्यायामाच्या हॉलमध्ये मधोमध कपाटं लावून दोन वर्ग बसवलेले. अंगणात तीन प्रीफॅब खोल्या. उरलेल्या जागेत मुलं पाळीपाळीनं खेळत होती. मी "बापरे, किती ही गर्दी!" करत परत यायच्या विचारात होते. तू मात्र मुख्याध्यापिकाबाईंना गाठून विचारत होतीस, की ही सगळी मुलं येतात तरी कुठून कुठून?

लांबच्या नव्या घरांमधून गाड्यांत बसून येत होती. आणि त्या घरांच्या पलीकडे जी नवी शाळा झाली होती, तिथे वर्ग रिकामे पडले होते. कुठल्या घरांतल्या मुलांना जागा द्यायची, ती प्रवेशाची हद्द जुनी, तिथे शेतं होती तेव्हाची. ती कुणी बदललीच नव्हती.

झालं! तुझ्या डोक्यात किडा शिरला. स्वरा बाबागाडीत मावेनाशी झाली होती, तरी तिला कोंबून तू एकेका इमारतीपासून शाळेच्या फाटकापर्यंत चालत सुटलीस. मोबाईलवर मिनिटं मोजलीस. मोठ्या कागदावर नकाशा काढलास आणि रंगीत पेनांनी नवी हद्द आखलीस. ज्यांच्या दारात गाडी आहे त्यांनी लांबच्या शाळेत जावं, ज्यांना चालत जायचंय त्यांना जवळची द्या. तुझं सगळं म्हणणं एवढंच होतं.

सह्या गोळा करताना मी तुझ्या मागे दोन पावलं. परक्या माणसाची बेल वाजवायची म्हणजे मी तुलाच पुढे करायचे. तू हसायचीस. "काय घाबरून राहिली तू? एक ते चार बेल वाजवायची नाही, ते तुमच्या पुण्यात! इथे वाजव." आणि लोक दार उघडायचे, बोलायचे, सही द्यायचे. नायजेरियन आजी, पोलिश जोडपं, तुमच्या मजल्यावरचे मल्याळी नर्स नवरा-बायको. पालक समितीचा अध्यक्ष डेक्लन आधी तुला टाळायचा. नंतर तोसुद्धा कौतुकानं म्हणायला लागला, "फेअर प्ले टू हर, शी हॅज डन हर होमवर्क."

आणि मग तुझा रिपोर्ट आला.

तू टॅलाच्या हॉस्पिटलात, केमोची दुसरी फेरी चाललेली, आणि समितीची बैठक नेमकी त्याच आठवड्यात. "अपार्टमेंटवाल्यांच्या वतीने माझ्या जागी तू बस," म्हणालीस. नकाशा गुंडाळून रबरबँड लावून माझ्या हातात दिलास. "काही बोलायचं नाही, फक्त हा पसरायचा. बाकी तो स्वतःच बोलतो."

मी तो पसरला गं. खरंच पसरला. दहा मिनिटं सगळे वाकून बघत होते.

मग डेक्लन म्हणाला, लांबच्या घरांना बाहेर काढलं तर तिथले लोक वकील आणतील. त्यापेक्षा मोठा रस्ता हीच हद्द धरू. रस्त्याच्या अलीकडचे सगळे आत, पलीकडच्या अपार्टमेंट्स या एका वर्षापुरत्या बाहेर. पुढच्या वर्षी बघू. त्याने तुझ्याच नकाशावर, तुझ्या रंगीत रेघेवरून, पेन्सिलीची जाड रेघ ओढली. ती तुमच्या इमारतीच्या अलीकडून गेली. ज्या इमारतीतून शाळेची घंटा ऐकू येते, ती बाहेर!

"मृणाल, आर यू हॅपी विथ दॅट?"

मी म्हटलं, "येस, ग्रँड." इथले लोक 'चालेल'ला म्हणतात ना, तसं.

एवढंच. अपार्टमेंटवाल्यांच्या वतीने मी बसले होते, आणि त्यांच्या वतीने मी 'ग्रँड' म्हटलं. समितीने एकमताने सुचवलं असं कागदावर लिहिलं गेलं. खाली पाच सह्या आहेत, चौथी माझी.

दुसऱ्या दिवशी मी तुझ्याकडे सांगायलाच येत होते. शपथ! काकूंनी वॉर्डच्या बाहेरच गाठलं. तुझी आई बिचारी, नागपूरहून येऊन पंधरा दिवस झालेले, थंडीनं ओठ फुटलेले. माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "तिले काही वंगाळ सांगू नको वो बाई. जे चांगलं असन तेच सांगजो."

त्या रिपोर्टबद्दल बोलत होत्या. मला ते कळलं होतं. पण किती सोयीचं होतं ते वाक्य! आजारी माणसाला वाईट बातमी सांगायची नाही, हे आपल्या घराघरात शिकवलेलं असतं, आणि पाळणाऱ्याला सगळे शहाणं म्हणतात. मी आत आले. तू उशीला टेकून बसली होतीस, डोक्याला ती निळी टोपी. संदीप खुर्चीत, मांडीवर लॅपटॉप.

"राहिली ना गं आपली हद्द?" तू विचारलंस.

मी मान हलवली. वर म्हटलं, "तुझ्या नकाशाने कमाल केली."

तू डोळे मिटलेस. मग म्हणालीस, "थँक्यू, मृणाल. आता स्वराचं टेन्शन नाही."

ते थँक्यू मी घेतलं, मेधा. घेतलं आणि घरी आले आणि वरणभाताचा कुकर लावला. काय म्हणावं अशा बाईला?

पुढचं तुला माहीत नाही. जानेवारीत तुला आयसीयूत हलवलं, त्या गोंधळात संदीपने शाळेचा फॉर्म आठ दिवस उशिरा भरला. फेब्रुवारीत तू गेलीस. मार्चमध्ये नकाराचं पत्र आलं, अर्ज मुदतीनंतर आला म्हणून. तेवढं खरंच होतं. पण ज्यांचे अर्ज वेळेवर होते, त्यांनाही मिळाली नाही जागा. तुमच्या अख्ख्या इमारतीत एकालाही नाही. हे मला माहीत होतं. संदीप त्या दिवसांत कुणाशी बोलतच नव्हता, आणि त्याच्यासमोर तर मी सांगितलं होतं, की हद्द आपली राहिली. मग त्याने काय समजायचं? आपल्या आळसामुळे लेकीची शाळा गेली, असंच ना?

स्वरा लांबच्या शाळेत जाते. त्या रिकाम्या वर्गांच्या. दोन बस बदलून. संदीपकडे गाडी नाही, लायसन्सची परीक्षा अजून व्हायचीय. त्याला ऑफिसला रोज उशीर होतो, आणि दुपारी तिला आणायला अर्ध्यातून निघावं लागतं. काकू होत्या तोवर भागलं. त्यांचा वाढवून घेतलेला व्हिसाही संपला, त्या ऑक्टोबरमध्ये परत गेल्या. मागच्या आठवड्यात संदीपला साहेबानं बोलावून समज दिली. आणि स्वरा? ती बोलतच नाही फारशी. सकाळी बसची वाट बघत खिडकीत उभी असते आणि समोर अंगणात जुईचा वर्ग रांगेत उभा असतो. जुई मला विचारते, "मम्मा, व्हेन इज स्वरा कमिंग टू माय स्कूल?" मी म्हणते, आधी दूध संपव.

आता अजून एक गोष्ट. इतकं लिहिलं आणि तीच टाळत आले. वाचणाऱ्याला वाटेल, मृणाल भिडस्त, चारचौघांत वाद घालता येत नाही, गोऱ्या माणसापुढे जीभ अडखळली. केदारही मला हेच सांगतो. "तुझा स्वभावच तसा आहे, जाऊ दे, आता कशाला उकरून काढतेस?" नवरा आहे, समजूत घालतो. त्याला तरी कुठे सगळं सांगितलंय?

तुला सगळं माहीत आहे. नकाशा पुरा झाला त्या दिवशी तू मला स्वयंपाकघरात बसवलंस, दार लावलंस आणि म्हणालीस, "मृणाल, तोंडावर सांगून राहिली. तुझ्या घरांची रांग बाहेर जाते. चालत अर्ध्या तासाच्या वर आहे, आणि तुमच्याकडे गाडी आहे. चालेल तुला?" मी म्हटलं, "अगं, चालेल की! त्यात काय!" मी हसलेसुद्धा. तू मला मिठी मारलीस.

चालणार नव्हतं. मला जुई याच शाळेत हवी होती. डेक्लनची पेन्सिल खाली येत होती तेव्हा मी तुमची इमारत बघत नव्हते, माझं घर बघत होते. ते आत आलं. तेव्हाच माझ्या तोंडून 'ग्रँड' निघालं.

कुंपणानेच शेत खाल्लं, मेधा. बाकी सगळं तोंडदेखलं.

बेल वाजली. संदीप आलाय.

आता दुपारचे तीन वाजलेत. सांगितलं.

पोरी वर जुईच्या खोलीत होत्या. मी त्याला बसवलं आणि सगळं सांगितलं. बैठक, पेन्सिल, माझी सही. तू मला स्वयंपाकघरात काय विचारलं होतंस, मी काय म्हटलं होतं, तेही. रडले नाही. रडले असते तर त्यानेच मला पाणी आणून दिलं असतं, तुला ठाऊक आहे तो कसा आहे.

तो टेबलाकडे बघत ऐकत होता. मग विचारलं, "म्हणजे फॉर्म वेळेत भरला असता तरी..."

"तरीही मिळाली नसती."

"मेधाला माहीत होतं?"

"नाही."

तेव्हा त्याने वर बघितलं. "मी तिथेच बसलो होतो, मृणाल. ती थँक्यू म्हणाली. तू म्हणू दिलंस तिला."

आवाज चढवला नाही त्याने. चढवला असता तर बरं झालं असतं. उठून जिन्यापाशी गेला आणि स्वराला हाक मारली. पोरींचा खेळ अर्धा राहिलेला, जुई रडायला लागली. त्याने स्वराला कोट घातला, टोपी घातली, खाली बसून बुटांचे बंद बांधले. नागपूरचं काय, हे मी विचारलं नाही. विचारायचं तोंड नव्हतं. ओट्यावर त्याने कालचा रिकामा डबा धुऊन आणून ठेवला होता, तेवढाच राहिला.

आता पुढचं ऐक. सोमवारी शाळेच्या हॉलमध्ये पालकांची सभा आहे. हद्दीचा फेरविचार. डेक्लनने मलाच बोलायला सांगितलंय, की रस्त्याची हद्द किती सुरळीत चालली आणि ती कायम करावी. पुढच्या वर्षी बघू म्हणाला होता ना? हे त्यांचं बघणं! आमच्या रांगेत दोन घरी पुढच्या वर्षी शाळेत जायची मुलं आहेत. ते लोक काल दारात येऊन गेले, केक घेऊन.

मी बोलणार आहे. तुझा नकाशा माझ्याकडे आहे, त्यावर पेन्सिलीची रेघ अजून तशीच आहे. ती मी खोडलेली नाही आणि खोडणार नाही. तो भिंतीला लावीन आणि माझं नाव सांगून सांगेन, की ही रेघ ओढली तेव्हा मी अपार्टमेंटवाल्यांच्या खुर्चीत बसून स्वतःचं घर वाचवलं. जुई त्यामुळे आत आहे, आणि ज्या मुली बाहेर राहिल्या त्यातल्या एकीचं नाव स्वरा आहे. मग तुझी हद्द मांडीन, माझी रांग बाहेर ठेवणारी. रांगेतले लोक बोलायचे बंद होतील. होऊ देत. केदार चिडेल. चिडू दे.

स्वरा तोवर राहील की नाही, मला माहीत नाही. ती नागपूरला गेली तरी मी बोलेन. हद्द बदलली आणि तिला एका दिवसाचाही उपयोग झाला नाही, असंही होईल. तेही मला बघावं लागेल, आणि मी बघेन. हे माझं तुला वचन आहे.

माफी मागत नाही. ती मागायची वेळ होती तेव्हा तू उशीला टेकून माझ्याकडे बघत होतीस.

पत्राच्या शेवटी 'तुझी' लिहायची पद्धत आहे. हात धजत नाही, म्हणून नुसतंच नाव लिहिते.

मृणाल