मुद्दाम न केलेली चूक

माननीय मुख्याध्यापिका बाई,
सादर नमस्कार.

सोमवारी सगळ्या शिक्षकांसमोर माझी ‘युक्ती’ करून दाखवा, असं तुम्ही सांगितलंत, म्हणून लिहितो आहे.

गेल्या आठवड्यात तुम्ही नववीच्या गणिताच्या तासाला येऊन बसलात. समीकरण सोडवताना मी वजाचं चिन्ह विसरलो. वर्षभर वही न उघडलेली खिडकीजवळची मुलगी ओरडली, “सर, गंडलात!” आणि सगळा वर्ग जागा झाला. बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात, “मुलांना बोलतं करायला मुद्दाम चुकलात ना? वा!” मी नुसता हसलो.

बाई, मी खरंच चुकलो होतो. सलग सहावा तास होता, डोकं चालत नव्हतं.

मग मी रोज मुद्दाम चुकू लागलो. कोणी मान वर करेना. आज त्या मुलीला कारण विचारलं.

“नाटक कळतं हो सर. त्या दिवशी खरं चुकलात. वाटलं, चला, आपल्यातलेच निघाले.”

“मग आता वही काढ.”

“मोठ्या बाईंना सांगितलंत, खरं चुकलो म्हणून?”

“नाही.”

“आम्हाला म्हणता चुकायला घाबरू नका. आणि तुम्ही?”

देवासमोर मी ही चूक रोज कबूल करतो. ते सोपं आहे, तो काही विचारत नाही.

हे पत्र शिपायाच्या हाती देणार होतो, पण ते घाबरणंच झालं, म्हणून ते खिशातच ठेवतो. उद्या प्रार्थनेनंतर तुमच्या खोलीत येतो आणि तोंडानेच सांगतो.

आपला नम्र,
नववीचा गणिताचा मास्तर