कौसाबाईच्या तीन पायऱ्या

पिंगळी, रविवार, दिवेलागणीची वेळ

हात अजून वर उचललेलाच वाटतोय.

कौसाबाईचं घरकुल पुरं झालं. पंचवीस वर्षं ती आमच्या शेतात खुरपायला येते, म्हणून साडी घेऊन मीच बौद्धवाड्यात गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, हे चालताना लक्षात आलं. तिची जुनी झोपडी रस्त्याच्या पातळीत होती, पावसाचं पाणी सरळ आत शिरायचं. आता गुडघ्याच्या वर जोतं आणि दाराला तीन पायऱ्या. ती वरच्या पायरीवर, मी खाली रस्त्यावर.

आमच्या घरची द्यायची रीत काय? आपण ओट्यावर, ती अंगणात पदर पसरून. भाकरी असो की जुनं लुगडं, वरून सोडायचं, हाताला हात लागत नाही. मला हे कुणी शिकवलं नाही, सासूबाईंचं बघून बघून आलं. आजही साडी बोटांच्या टोकांनीच धरली होती. पण सोडणार कुठे? ती वर होती. मलाच हात वर करावा लागला, मागणाऱ्यासारखा.

तिनं पदर पसरला नाही. वाकून माझ्या हातातून साडी घेतली. तिची बोटं माझ्या बोटांना लागली, खरखरीत, ऊन.

"खाली काहून उभ्या वैनी? वर या की, चहा ठिवलाय."

विटा-सिमेंटच्या तीन पायऱ्या. हाताला हात लागायला एवढंच लागत होतं? की मीच कधी हात पुढे करून पाहिला नव्हता?

दुसऱ्या पायरीवर माझा गुडघा अडला. तिनं हात पुढे केला. तो धरूनच वर गेले.